सातबाऱ्यावर नाव नव्हतं

खुरपं हातात आलं की गुडघा आपोआप जमिनीला टेकतो. माझं लहानपण वाई तालुक्यात हळदीच्या आणि भुईमुगाच्या रानात भांगलण करत गेलं. पुढे सगळा संसार शहरात झाला, तरी हाताची ती सवय गेली नाही. म्हणून अमेरिकेत, सिॲटल शहराच्या दक्षिण टोकाला, एका जपानी बागेत चार अनोळखी माणसांच्या रांगेत तण काढायला बसले तेव्हा अवघडल्यासारखं झालं नाही. अवजार तेवढं निराळं होतं. वीतभर सरळ पातं, मधे थोडं खोलगट, एका कडेला धार आणि दुसऱ्या कडेला करवतीसारखे दाते. त्याला होरी-होरी म्हणतात; जपानीत ‘होरु’ म्हणजे खणणं. आपल्या खुरप्याचा बाक त्याला नसतो, त्यामुळे मनगट फिरवायची तऱ्हा बदलावी लागते. अर्ध्या तासात जमलं.

डाव्या हाताला एक व्हिएतनामी आजी होत्या, उजवीकडे कॉलेजात शिकणारा मुलगा. पलीकडच्या दोघी शेजारच्याच गल्लीतल्या, कृष्णवर्णीय, एकमेकींच्या मैत्रिणी. जपानी वंशाचं त्या रांगेत कुणीच नव्हतं. ज्या माणसानं ही बाग केली त्याच्याशी यांचं नातं ना रक्ताचं, ना भाषेचं. तरी सगळे त्याच्या झाडांखाली गुडघे टेकून बसलेले. त्या उन्हाळ्यात मी लेकीकडे तीन महिने होते आणि या बागेत पुन्हा पुन्हा गेले, ते हे नातं समजून घ्यायला.

बागेचं नाव कुबोता गार्डन. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कुबोता म्हटलं की ट्रॅक्टर आठवेल. त्या कंपनीचा आणि या बागेचा संबंध नाही. ही बाग फुजितारो कुबोता या माळ्याची. रेनियर बीच नावाच्या वस्तीत, रेंटन अव्हेन्यूला लागून सुमारे वीस एकर जागेत ती पसरली आहे. रस्त्यावरून काहीच कळत नाही. फाटकातून आत शिरल्यावर जमीन उतरत जाते आणि खाली दरीत तळी, त्यांवरचे लाल पूल, मोठमोठ्या शिळा आणि त्यांमागे देवदार, पाइन, मेपल असं एकेक उलगडत जातं. एक पूल कमानीसारखा इतका उभा आहे की चढताना पुढे झुकावं लागतं आणि उतरताना कठड्याला धरावं लागतं. त्याला चंद्रपूल म्हणतात. चांगलं आयुष्य जगणं हे असं, चढायलाही अवघड आणि उतरायलाही, असा त्याचा अर्थ तिथे सांगतात. बागेला तिकीट नाही. सिॲटलमध्ये दुसरी एक प्रसिद्ध जपानी बाग आहे, वॉशिंग्टन पार्कमधली, जुकी इईदा यांच्या आराखड्यावरून १९६० साली झालेली. तिथे पैसे भरून आत जावं लागतं. इथे कुणीही यावं, मुलांना घेऊन यावं, डबा खावा, लग्नाचे फोटो काढावेत.

फुजितारो कुबोता १८७९ साली शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतात जन्मले आणि १९०७ मध्ये अमेरिकेत आले. ते साल आपणही लक्षात ठेवावं असं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात सिॲटलच्या उत्तरेला बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावानं लाकडाच्या गिरण्यांतल्या भारतीय मजुरांना, बहुतेक पंजाबी शीख होते ते, मारहाण करून गावाबाहेर हाकललं होतं. आशियातून आलेल्या माणसानं इथे राबावं, पण मुळं धरू नयेत, अशी त्या काळाची रीत होती. कुबोतांनीही सुरुवातीला लाकडाच्या गिरणीत काम केलं. बागकामाचं रीतसर शिक्षण त्यांचं झालेलं नव्हतं. तरी १९२३ मध्ये त्यांनी स्वतःची बागकामाची कंपनी काढली.

तोवर कायद्यानं दार लावून घेतलं होतं. वॉशिंग्टन राज्याच्या १९२१ च्या कायद्याप्रमाणे नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्या परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नसे, खंडानंही घेता येत नसे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जपानी माणूस नागरिक होऊ शकत नाही असं सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांनाही तोच निकाल दिला. थिंद तर पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराचा गणवेश घातलेले. म्हणजे जे दार कुबोतांच्या तोंडावर बंद झालं तेच आपल्याही माणसांच्या तोंडावर बंद झालं होतं.

अशा वेळी, १९२७ मध्ये, कुबोतांनी एका मित्राच्या नावावर पाच एकर जमीन घेतली. जंगल तोडून नेल्यावर उरलेली ती दलदल होती. बुंधे, चिखल आणि मधून वाहणारा मेप्स क्रीक नावाचा एक ओढा. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत डोकी फुटतात, सातबाऱ्यावरचं एक नाव चढवायला-उतरवायला उभं आयुष्य तलाठ्याच्या दारात जातं. माझ्या वडिलांचं तसं गेलं. त्यामुळे आपलं नाव कधी लागणार नाही अशा चिखलात पाय रोवून उभ्या राहिलेल्या माणसाचा विचार करताना माझा हात थांबतो. भरवसा तरी कशाचा धरला असेल? मित्राच्या शब्दाचा, आणि स्वतःच्या श्रद्धेचा. कुबोता कोन्कोक्यो पंथाचे होते. जपानमधल्या ओकायामाजवळ एकोणिसाव्या शतकात उगवलेला हा पंथ. माती, दगड, पाणी सगळं चैतन्यानं भरलेलं आहे असं मानणारा. शिळा जिवंत आहे, तिला तिच्या मनाप्रमाणे बसवावी, असं कुबोता मानत. त्यांच्या बागेवर २०२० मध्ये निघालेल्या पुस्तकाचं नावही ‘स्पिरिटेड स्टोन’ आहे.

दलदल त्यांनी हटवली नाही, तिची तळी केली. ओढा वळवला, पण बुजवला नाही. झाडांत जपानी मेपल आणि पाइन होते, तसे इथल्या डोंगरातले सूचिपर्णीही होते. म्हणून ही बाग क्योतोमधल्या एखाद्या मंदिराच्या बागेची नक्कल वाटत नाही. वायव्य अमेरिकेचा डोंगर जपानी डोळ्यांनी पाहिला तर कसा दिसेल, तशी ती दिसते. पाचाचे वीस एकर झाले. तिथेच घर, तिथेच धंद्याचं कार्यालय, तिथेच रोपवाटिका, आणि गिऱ्हाइकाला नमुना दाखवायलाही तीच बाग. सिॲटल विद्यापीठाच्या आवारातल्या बागा आणि बेनब्रिज बेटावरच्या ब्लोडेल रिझर्वमधली जपानी बाग ही त्यांचीच कामं.

मग १९४२ आलं. १९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिक होते. कुबोता कुटुंब आयडाहोच्या उजाड पठारावर, मिनिडोका छावणीत गेलं. तारांच्या कुंपणामागे साठीतला हा माणूस काय करत होता? बाग. छावणीच्या दारापाशी लष्करात गेलेल्या तिथल्याच तरुणांच्या नावांचा फलक लावला होता. त्याच्या भोवतालची बाग कुबोतांनी आखली, तिथल्याच काळ्या बसाल्ट दगडांची. बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड. ज्या मुलांचे आईबाप कैदेत होते त्यांचीच नावं त्या फलकावर, आणि ज्याला हातभर जमीन स्वतःच्या नावावर करता येत नव्हती त्यानं सरकारच्या जमिनीवर लावलेली बाग. ती जागा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

चार वर्षांनी परतले तेव्हा सिॲटलमधली बाग रानात गेली होती. जपानी बाग चार वर्षं हाताविना राहणं म्हणजे काय, हे तण काढायला बसल्यावरच मला नीट कळलं. जरा थांबून सांगते, कारण या बागा लोकांनी जपायच्या म्हणजे नेमकं काय करायचं ते यातच आहे.

बागेतलं पाइनचं झाड पाहिलं की वाटतं, ते असंच वाढलं असणार; वाऱ्यानं वाकलेलं, फांद्यांचे ढगासारखे थर असलेलं. पण तो आकार माणसानं दरवर्षी नव्यानं दिलेला असतो. वसंतात फांद्यांच्या टोकांना मेणबत्तीसारखे उभे कोंब येतात. ते कोवळे असतानाच बोटांनी खुडायचे; कुठला पूर्ण, कुठला अर्धा, हे त्या फांदीचा जोर बघून ठरवायचं. याला मिदोरीत्सुमी म्हणतात. शरदात जुन्या सुया हातानं उपटून काढायच्या, म्हणजे आतल्या डहाळ्यांपर्यंत ऊन पोचतं. त्याला मोमिआगे म्हणतात. कात्री चालवून भागत नाही, सुई मधे कापली तर टोक तपकिरी पडतं. मोठ्या झाडाला एकेका माणसाचा दिवस-दिवस जातो. आणि दोन-चार वर्षं हे झालं नाही तर आतल्या डहाळ्या अंधारात वाळतात. पाइनच्या जुन्या लाकडाला सहसा पुन्हा फूट येत नाही. गेलेला आकार गेलाच. देवळाचा कळस पडला तर पुन्हा बांधता येतो. इथे झाड जिवंत राहतं आणि बाग मरते.

कुबोता आणि त्यांचे मुलगे, ताक आणि टॉम, यांनी ती पुन्हा उभी केली. छावणीतून परतलेल्या जपानी माणसांना नोकऱ्या, दुकानं, शेतं कुणी परत दिली नव्हती. लोकांची लॉन कापणं आणि कुंपणं छाटणं हाच अनेकांचा पोटाचा आधार झाला. १९६२ मध्ये, ऐंशी ओलांडलेल्या कुबोतांनी बागेतलं सर्वांत मोठं काम केलं: उतारावर शिळा रचून एक डोंगर उभारला, त्यावरून धबधबे सोडले आणि खाली प्रतिबिंबाची तळी केली. जमिनीचा तो कायदा राज्यात लोकांच्या मतदानानं १९६६ मध्ये रद्द झाला, म्हणजे डोंगरानंतरही चार वर्षांनी. १९७२ मध्ये जपान सरकारनं त्यांचा सन्मान केला आणि पुढच्याच वर्षी चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. ही बाग एक दिवस सगळ्यांसाठी खुली व्हावी, अशी त्यांची इच्छा होती.

इच्छा आणि व्यवहार यांच्यामध्ये वीस एकरांचा भाव उभा होता. पहिल्या पिढीनं कात्री हातात धरून मुलं शिकवली. शिकलेली मुलं इंजिनिअर झाली, डॉक्टर झाली. हे आपल्या शेतकरी घरांत घडलं तसंच तिथे घडलं, त्यात कुणाचा दोष नाही. पण माळ्याचा धंदा आटतो तेव्हा माळ्याची बाग एका कुटुंबाला पेलत नाही. शेवटी या जागेवर सदनिका बांधायचा बेत पुढे आला.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. १९७८ च्या नोव्हेंबरात सिॲटलच्या जपानी समाजानं प्युयालपच्या जत्रेच्या मैदानावर, जिथे त्यांना १९४२ मध्ये तात्पुरतं कोंडलं होतं तिथेच, पहिला स्मरण दिन केला. छत्तीस वर्षं तोंडातून शब्द न काढलेली माणसं त्या दिवशी मुलाबाळांना घेऊन तिथे परत गेली. सरकारनं माफी मागावी ही मागणी तिथून देशभर गेली. अशा हवेत, १९८१ मध्ये, शहराच्या वारसा जतन मंडळानं कुबोता बागेच्या मधल्या साडेचार एकरांना ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. राहिलेले पंधरा-साडेपंधरा एकर उघडेच होते. सहा वर्षांनी, १९८७ मध्ये, शहरानं कुबोता कुटुंबाकडून सगळी जागा विकत घेतली. सरकारची माफी आणि छावणीतून जिवंत राहिलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देण्याचा कायदा त्यानंतरच्या वर्षी, १९८८ मध्ये झाला. कायदा आणि बाग एकाच लढ्यातून आली असं मी म्हणणार नाही. पण एकाच शहरात, एकाच दशकात, माणसं आपलं काय हरवलं होतं ते मोजत होती आणि जे उरलं होतं ते धरून ठेवत होती.

शहरानं जागा घेतली म्हणजे बाग वाचली, असं कागद सांगतो. महापालिकेच्या बागांची गत आपल्याला माहीत आहे. फीत कापायला गर्दी असते, पाचव्या वर्षी कारंज्यात पाणी नसतं. इथे वेगळं काय झालं? थोड्याच काळात कुबोता गार्डन फाउंडेशन नावाची लोकांची संस्था उभी राहिली. पगारी माळी शहराचे. त्यांच्या जोडीला संस्थेचे स्वयंसेवक. कामाची वाटणी मला फार शहाणपणाची वाटली. पाइनची खुडणी शिकलेल्या माळ्यांनीच करायची, तिथे हौशी हात लागू द्यायचा नाही. पण तण उपटणं, पानं गोळा करणं, पालापाचोळा पसरणं, नव्या माणसांना बाग फिरून दाखवणं, हे शेजाऱ्यांनी करायचं. माळ्याचा तण काढण्यात जाणारा दिवस वाचला की तो पाइनखाली शिडी लावू शकतो. माझ्या बादलीतल्या तणाचा आणि त्या ढगांच्या आकाराचा संबंध असा आहे.

पैशासाठी संस्था रोपांची विक्री करते. रोपवाटिका असलेल्या माळ्याच्या बागेला हे शोभतंच. फाटक ब्राँझचं आहे, सिॲटलमध्येच वाढलेले शिल्पकार जेरार्ड त्सुताकावा यांनी केलेलं. त्यांचे वडील जॉर्ज हेही मोठे शिल्पकार. ज्या समाजाला गावाबाहेर काढलं त्याच समाजातल्या माणसानं केलेलं फाटक, आणि ते सगळ्यांसाठी उघडं.

असं सगळीकडे झालं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १८९४ च्या प्रदर्शनानंतर माकोतो हागिवारा यांनी जपानी टी गार्डन वाढवली, जपली, तिथेच त्यांचं कुटुंब राहिलं. १९४२ मध्ये कुटुंबाला काढलं, त्यांचं घर पाडलं आणि बागेचं नावही बदललं; जुनं नाव यायला १९५२ उजाडलं. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या बागेत जिंगू कुटुंब चहाचं दुकान चालवत होतं. त्यांना हाकलून फाटकावर ‘चायनीज टी गार्डन’ असं नाव लावलं. सिमेंटला लाकडासारखं रूप देणारे कारागीर दिओनिसिओ रोद्रिगेज यांनी घडवलेलं ते फाटक अजून तसंच, त्या चुकीच्या अक्षरांसकट उभं आहे. शहरानं १९८४ मध्ये बागेला तिचं नाव परत दिलं, पण बाग ओसाडच राहिली होती. लोकांनी देणग्या उभ्या करून ती २००८ मध्ये पुन्हा सजवली. चुकीची अक्षरं खोडली नाहीत हे मला पटलं. मुलांनी विचारावं आणि मोठ्यांना सांगावं लागावं.

आपल्याकडे पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते केलं, म्हणून पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात. मी तिथे कितीदा तरी गेले आहे, पण कोराकुएनची कहाणी मला सिॲटलहून परतल्यावर वाचावीशी वाटली. १६८७ ते १७०० या काळात सरदार इकेदा त्सुनामासा यांच्या हुकमानं ती बाग झाली. १८८४ मध्ये प्रांताकडे गेली आणि सगळ्या लोकांना खुली झाली. १९३४ च्या पुरानं ती बुडवली, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानं जाळली. दोन्ही वेळा एदो काळातल्या चित्रांवरून ती पुन्हा जशीच्या तशी उभी केली. तिच्यात भाताचं खाचर आहे, चहाच्या ओळी आहेत. सरदाराच्या बागेतही शेत असावं, हे मला आवडलं. पुण्याच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांचे घोळके रोजचे, बाकांवर ठरलेली माणसं ठरलेल्या वेळी. त्यांच्या हातात महिन्यातून एकदा खुरपं दिलं तर कुणी नाही म्हणेल असं वाटत नाही. मागितलं मात्र पाहिजे, आणि काय खुडायचं, काय सोडायचं ते शिकवलंही पाहिजे.

गावाकडे सावड असायची. आज सगळ्यांनी माझ्या रानात, उद्या तुझ्या रानात. कुणी किती दिवस आलं याचा हिशेब बायकांच्या डोक्यात पक्का असे. कुबोता बागेत त्या रांगेत बसले असताना मी तोच हिशेब नकळत मांडत होते आणि तो लागत नव्हता. इथे फेड कुणाच्या रानात करायची? व्हिएतनामी आजी रेनियर बीचमध्येच राहायच्या. या वस्तीत व्हिएतनामी आहेत, फिलिपिनो, सोमाली, इथिओपियन आहेत. अनेकजण स्वतःचं रान कुठेतरी मागे टाकून आलेले. आजींनी मुळं सोडवण्याची त्यांची पद्धत मला हातवाऱ्यांनी दाखवली: आधी भोवतीची माती सैल करायची, मग बुडाशी धरून हलकेच ओढायचं. माझ्या आईचीही तीच पद्धत होती.

बागेतून निघालेला मेप्स क्रीक पुढे शहराखालच्या नळात गडप होतो आणि लेक वॉशिंग्टनला मिळतो. मुखाजवळचा त्याचा तुकडा अलीकडे पुन्हा उघडा केला आहे, सामन माशांच्या पिलांना आसरा मिळावा म्हणून. ओढ्याच्या काठाला सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे काटेरी ब्लॅकबेरी. सिॲटल परिसरात जिथे जमीन मोकळी सापडेल तिथे तिचं जाळं. नाव ऐकून मी दचकले: हिमालयन ब्लॅकबेरी. मूळची ती आर्मेनिया-इराणकडची. पण रोपांच्या नव्या जाती काढणारे ल्यूथर बरबँक यांना १८८५ मध्ये तिचं बी भारतातून मिळालं, म्हणून त्यांनी ‘हिमालया जायंट’ असं नाव ठेवलं, आणि ते चिकटलं.

काम संपल्याची हाक आली. सगळ्यांनी हातमोजे झटकले, बादल्या ढिगावर रिकाम्या केल्या. मी उठता उठता आजींनी माझ्या बाहीला धरलं आणि बोट दाखवलं. नेच्यामागे, दगडाच्या सावलीत, बोटभर उंचीचा एक लालसर काटेरी कोंब. माझ्याच वाटणीच्या जागेत राहिलेला. मी होरी-होरी पुन्हा हातात घेतली आणि आधी भोवतीची माती सैल केली.